जुन्या क्लोरीनचे पिंप कोण उचलणार?

आरोग्याच्या पानावर स्विमिंग पूलचा विषय पाहून काही वाचकांना नवल वाटेल. पूल असलेल्या सोसायटीत आपल्यापैकी राहतात किती जण? प्रश्न रास्त आहे. पण पूल कोणाचाही असो, त्याच्या पंपरूममध्ये रोज उतरणारे हात कोणाचे आहेत ते पाहा. खारघर, सीवूड्स, नेरूळ, पाम बीच रोड, उलवे, जिकडे पाहाल तिकडे टॉवर उभे राहिले आणि प्रत्येक जाहिरातीत निळाशार तलाव आला. त्या तलावात सकाळी पावडर टाकणारा, संध्याकाळी जाळी मारणारा, फिल्टर धुणारा माणूस दिघा, तुर्भे स्टोअर, रबाळे किंवा पनवेलच्या आसपासच्या वस्तीतून येतो. कागदावर तो 'हाउसकीपिंग' असतो. ठेकेदार बदलला की त्याचा गणवेश बदलतो, काम तेच राहते. त्यात आपल्या समाजातील मुले मोठ्या संख्येने आहेत, आणि कोपऱ्यातले जुने पिंप हलवायची वेळ आली की हाक त्यांनाच पडते.

पूलच्या पाण्यात काय काय पडते ते आधी समजून घेऊ. पांढरी दाणेदार 'हायपो' म्हणजे कॅल्शियम हायपोक्लोराइट. यात ६५ ते ७० टक्के उपलब्ध क्लोरीन असतो. आपल्या ओळखीच्या ब्लिचिंग पावडरीत, गावाकडे जिला टीसीएल म्हणतात तिच्यात, नवी असताना तो साधारण ३३ टक्के असतो. म्हणजे दिसायला बहिणी, पण हायपोची ताकद दुप्पट. दुसरी असते टीसीसीए, बहुधा मोठ्या गोळ्यांच्या रूपात, तिच्यात ९० टक्क्यांच्या आसपास. तिसरे, कॅनमधले पिवळसर द्रव हायपोक्लोराइट, १० ते १२ टक्क्यांचे. याशिवाय पाण्याचा आम्लपणा कमीजास्त करण्यासाठी हायड्रोक्लोरिक ॲसिड आणि सोडा ॲश, गाळ बसवण्यासाठी तुरटी, शेवाळ मारण्यासाठी मोरचूद. हे सगळे एका दहा बाय दहाच्या खोलीत, बहुतेक ठिकाणी बेसमेंटमध्ये, एकाच भिंतीला टेकून उभे असते. शेजारी जनरेटरच्या डिझेलचा कॅन, रंगाचे उरलेले डबे आणि चिंध्या.

यातले हायपो आणि टीसीसीए दोन्ही 'क्लोरीनच' म्हणून लोक एकाच डब्यात ओततात. अर्धे पिंप हे, अर्धे ते, जागा वाचते! पण ही दोन रसायने एकमेकांची शत्रू आहेत. त्यांची भेट झाली, त्यात थोडासा ओलावा मिळाला, की उष्णता तयार होते, विषारी वायू निघतो आणि स्फोट होऊ शकेल असा पदार्थही बनू शकतो. हायपोवर ॲसिड सांडले तर सरळ क्लोरीन वायू बाहेर पडतो. हायपोत तेल, डिझेल, साखर, कागद, लाकडाचा भुसा असे काही मिसळले तर काडी न लावता आग लागू शकते, कारण हे रसायन स्वतःच प्राणवायू पुरवते. म्हणून दोन गोष्टी वेगळ्या डब्यांत असून भागत नाही, त्यांचे मापही वेगळे हवे. हायपोचा मग टीसीसीएच्या डब्यात घालणे ही सगळ्यात जास्त केली जाणारी आणि सगळ्यात कमी बोलली जाणारी चूक आहे.

जुना माल कमजोर झालेला असतो, म्हणून कमी धोक्याचा, असा समज सर्वत्र आहे. तो अर्धाच खरा आहे. नवी मुंबईच्या दमट हवेत ब्लिचिंग पावडर आणि द्रव हायपो महिन्यामहिन्याला ताकद गमावतात हे बरोबर. पण ताकद जाते म्हणजे क्लोरीन आणि प्राणवायू हळूहळू बाहेर निघतो. झाकण घट्ट असेल तर कॅन फुगतो. पावडरीत दमट हवा शिरली की तिचे खडे होतात, आणि त्या खड्यांच्या पोटात अजून भरपूर क्लोरीन शिल्लक असतो. कागदी लेबल क्लोरीननेच विरून जाते, मग डब्यात काय आहे ते कोणालाच सांगता येत नाही. पंपरूमच्या दाराची बिजागरी, विजेच्या पेटीचे पत्रे, भिंतीतले खिळे इतर खोल्यांपेक्षा लवकर गंजले असतील तर समजावे की हवेत क्लोरीन रोज मिसळतो आहे. ती हवा लोखंड खाते, तर त्याच खोलीत दुपारचा डबा खाणाऱ्या माणसाच्या फुप्फुसाला सोडेल का?

कोरोनाच्या काळात हा साठा सगळीकडे वाढला. मार्च २०२० मध्ये तलाव बंद झाले आणि सर्वसामान्यांसाठी ते बराच काळ बंदच राहिले. उन्हाळ्याच्या हंगामासाठी भरून ठेवलेली पिंपे तशीच राहिली. वर फवारणीसाठी म्हणून हायपोक्लोराइटचे कॅनच्या कॅन घेतले गेले. त्याच महिन्याच्या अखेरीस उत्तर प्रदेशात बरेलीला परतलेल्या मजुरांना रस्त्यावर बसवून त्यांच्या अंगावर निर्जंतुकीकरणाचा फवारा मारला गेला, ते दृश्य आपण सर्वांनी पाहिले आहे. १८ एप्रिलला केंद्रीय आरोग्य मंत्रालयाला सांगावे लागले की माणसांच्या अंगावर असे रसायन फवारू नका. रसायन कोणाच्या अंगावर जाते हा प्रश्न या देशात नुसता रसायनशास्त्राचा नसतो.

बेवारस क्लोरीन काय करतो याचे सर्वात जवळचे उदाहरण खाडीपलीकडचे आहे. १४ जुलै २०१० रोजी पहाटे तीनच्या सुमारास शिवडीला, मुंबई पोर्ट ट्रस्टच्या हाजी बंदर येथील घातक मालाच्या आवारात क्लोरीनची गळती झाली. तिथे शंभराहून अधिक सिलिंडर पडून होते. १९९७ साली आयात झालेले, आणि मागवणाऱ्याने सोडवून न नेलेले. तेरा वर्षे समुद्राची खारी हवा आणि पाऊस खात ते उभे होते. सिलिंडर गंजला आणि एका पावसाळी पहाटे वायू बाहेर आला. शंभराहून अधिक माणसांना त्रास झाला: जवळच्या सागरी प्रशिक्षण संस्थेतले विद्यार्थी, बंदरातले कामगार, आणि मदतीला धावलेले अग्निशमन दलाचे जवान. माल कोणाचा, हा कागदावरचा वाद तेरा वर्षे संपला नव्हता. वायूला मात्र कोणाच्या सहीची गरज पडली नाही.

शिवडी झाली, आता तरी शिकलो असू म्हणावे, तर नोव्हेंबर २०२५ मध्ये वसईत दिवाणमान भागात पाण्याच्या टाकीजवळ पडून असलेल्या जुन्या सिलिंडरमधून क्लोरीन गळला. एकाचा जीव गेला, अनेकांना रुग्णालयात न्यावे लागले, त्यांत पुन्हा अग्निशमन दलाचे जवान होते. आणि ९ जानेवारी २०२४ रोजी पिंपरी-चिंचवडमध्ये कासारवाडीच्या महापालिकेच्या जलतरण तलावावर सकाळच्या वेळी क्लोरीन वायू पसरला, वीसएक जणांना दवाखान्यात हलवावे लागले. मोठ्या सार्वजनिक तलावांवर आणि पाणीपुरवठा केंद्रांवर सिलिंडर असतात, सोसायट्यांत बहुधा पावडर आणि द्रव असते. एवढाच फरक. वायू तोच.

पावसाचा धोका वेगळा सांगायला हवा. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या कॉन्यर्स गावी पूलची रसायने बनवणाऱ्या कारखान्याच्या गोदामात २९ सप्टेंबर २०२४ रोजी आग लागली. आग विझवण्यासाठी छताला बसवलेल्या फवाऱ्यातून पाणी साठ्यावर पडले आणि रसायने पेटली. सुमारे १७ हजार लोकांना घरे सोडावी लागली आणि सुमारे ९० हजार लोकांना दारे-खिडक्या बंद करून घरात बसायला सांगण्यात आले. पैसा, यंत्रे, नियम सगळे असलेल्या देशातली ही गत. आपल्याकडे तर बेसमेंटच्या पंपरूममध्ये दर जुलैला घोटाभर पाणी येते. या रसायनांचे गणित असे आहे की भरपूर पाण्यात थोडी पावडर टाकली तर ती विरघळते, पण पावडरीच्या ढिगावर थोडे पाणी पडले तर ती तापते. म्हणून पावडर पाण्यात टाकायची, पाणी पावडरीवर कधीच ओतायचे नाही. पूलवर काम करणाऱ्या प्रत्येक मुलाला पहिल्या दिवशी हे एक वाक्य पाठ करून घेतले पाहिजे. घेतले जात नाही.

क्लोरीन हवेपेक्षा सुमारे अडीच पट जड असतो. तो वर उडून जात नाही, खाली साचतो. बेसमेंट, बॅलन्सिंग टँक, पायऱ्यांखालची खोली या त्याच्या आवडत्या जागा. त्यामुळे वास आला की खाली वाकून 'कुठून येतोय' हे शोधायला जाऊ नये. बाहेर पडावे, वारा ज्या दिशेने येत असेल तिकडे आणि उंचावर जावे. आत कोणी पडला असेल तर नाकाला ओला रुमाल बांधून त्याला काढायला जाणारा दुसरा, मग तिसरा, हे आपण गटारांच्या बातम्यांत फार वेळा वाचले आहे. श्वसनयंत्र घातलेल्या अग्निशमन जवानाचे हे काम आहे. १०१ किंवा ११२ लावावा आणि फोनवर 'गॅस' एवढेच न सांगता 'क्लोरीन, पूलची पावडर' असे स्पष्ट सांगावे.

वायू लागलेल्या माणसाला मोकळ्या हवेत आणून बसते ठेवावे, आडवे पाडू नये. रसायन पडलेले कपडे काढून टाकावेत. डोळे वाहत्या स्वच्छ पाण्याने किमान १५ मिनिटे धुवावेत. दूध, लिंबू, मीठ-पाणी, व्हिक्स यांपैकी कशाचाही उपयोग नाही. क्लोरीनवर उतारा म्हणून औषध नाही, प्राणवायू आणि श्वासनलिका मोकळी करणारी औषधे हाच उपचार, आणि तो रुग्णालयातच होतो. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे सुरुवातीला खोकला थांबला, माणूस 'बरा' वाटला, तरी पुढच्या काही तासांत, कधी चोवीस तासांपर्यंत, फुप्फुसात पाणी भरू शकते. संध्याकाळी सुपरवायझरने 'जा घरी, आराम कर' म्हणून पाठवलेला माणूस रात्री घरी धापा टाकू लागतो आणि घरच्यांना वाटते दमा उठला. म्हणून जोरात वायू लागला असेल तर रुग्णालयातच थांबावे, डॉक्टरांना रसायनाचे नाव सांगावे, शक्य असल्यास लेबलचा मोबाइलवर काढलेला फोटो दाखवावा. आणि घटना कामावर झाली हे केसपेपरवर लिहून घ्यावे. नंतर नुकसानभरपाईच्या वेळी तोच कागद उपयोगी पडतो. ईएसआयचे कार्ड असेल तर त्याचा नंबर घरच्यांकडेही असू द्यावा.

आता साठवणुकीचे. रसायनाची खोली तळमजल्यावर, कोरडी, उन्हापासून दूर आणि हवा खेळती हवी. एक्झॉस्ट पंख्याचे बटण दाराबाहेर असावे, म्हणजे आत शिरण्याआधी पंखा लावता येतो. ॲसिड दुसऱ्या खोलीत. तशी सोय नसेल तर निदान इतके दूर की एक सांडले तरी दुसऱ्यापर्यंत ओघळ पोहोचणार नाही. द्रवाचे कॅन पावडरीच्या वरच्या फळीवर कधीच ठेवू नयेत. जमिनीवर डबे ठेवायचे नसतात हे लोकांना ठाऊक असते, म्हणून ते खाली लाकडी फळ्या टाकतात. पण या रसायनाखाली लाकूड नको, प्लास्टिकचा पॅलेट हवा. खाली वर्तमानपत्र नको, सांडलेले पुसायला भुसा किंवा तेलकट चिंधी नको. डबा मूळचाच असावा. पाण्याच्या रिकाम्या बाटलीत हायपो ओतून ठेवणे म्हणजे तहानलेल्या माणसासाठी सापळा लावणे आहे. प्रत्येक डब्यावर आणल्याची तारीख जाड मार्करने लिहावी आणि जुना आधी संपवावा.

अग्निशामक नळकांड्याबद्दल एक सूचना, कारण ती फार थोड्यांना माहीत असते. सोसायटीत सर्रास भिंतीला लावलेले कोरड्या पावडरचे नळकांडे हायपोच्या आगीवर मारू नये. त्यातल्या अमोनियमयुक्त पावडरीची हायपोशी आणखी जोराची प्रक्रिया होऊ शकते. अशा आगीला भरपूर पाणी लागते, बादलीभर नाही, आणि ते अग्निशमन दलाचे काम.

पण मुळात जास्त माल आणूच नये. एक पिंप घेतले तर स्वस्त पडते म्हणून कमिटी वर्षाचा माल एकदम घेते, आणि त्यातला तिसरा हिस्सा पुढच्या वर्षी 'जुना' होतो. एक-दोन महिन्यांचा माल आणला तर या लेखातला निम्मा धोका राहतच नाही.

आणि तरीही जो उरला, त्याचे काय? तो माल सीलबंद, कोरडा आणि मुदतीत असेल तर सर्वांत सोपा मार्ग म्हणजे वापरून टाकणे. शेजारच्या सोसायटीला, शाळेच्या तलावाला, ज्यांना तो तपासून वापरता येतो त्यांना द्यावा. विक्रेत्याला परत घ्यायला सांगावे, पुढच्या खरेदीच्या वेळीच ही अट ऑर्डरमध्ये लिहावी. मुदत गेलेला, ओला झालेला, खडे धरलेला किंवा नाव नसलेला माल मात्र 'घातक' समजून वागावे. फुगलेला कॅन उघडू नये, हलवू नये. दोन डब्यांतला उरलेला माल एकत्र करू नये. न्यायचे झाले तर प्रत्येकाचा डबा वेगळा.

तो कुठे न्यायचा, याचे उत्तर नवी मुंबईत तर फार दूर नाही. घातक कचऱ्यावर प्रक्रिया करणारी सामायिक केंद्रे महाराष्ट्रात मोजकीच आहेत, आणि त्यांतली दोन आपल्या दाराशी: तळोजा एमआयडीसीतले मुंबई वेस्ट मॅनेजमेंटचे आणि महापे येथील ट्रान्स ठाणे क्रीक वेस्ट मॅनेजमेंट असोसिएशनचे. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्रादेशिक कार्यालय सीबीडी बेलापूरच्या रायगड भवनात आहे. सोसायटीने तिथे लेखी पत्र द्यावे, मालाचे नाव, वजन, फोटो जोडावेत आणि मार्गदर्शन मागावे. अडचण अशी की ही केंद्रे कारखान्यांसाठी उभी राहिली आहेत. वीस किलो ओल्या हायपोसाठी गाडी पाठवणे कोणाला परवडत नाही. म्हणून सेक्रेटरी सुस्कारा टाकतात आणि वॉचमनला म्हणतात, 'बघ रे, कुठेतरी लावून टाक.'

त्या 'कुठेतरी'चे पत्ते तीन आहेत.

पहिला नाला. नवी मुंबईचे पावसाळी नाले धारण तलावांत आणि तिथून ठाणे खाडीत उतरतात. त्या खाडीतले रोहित पक्ष्यांचे अभयारण्य २०१५ साली जाहीर झाले आणि २०२२ मध्ये ते रामसर यादीत गेले. पक्ष्यांचे फोटो काढायला लोक गाड्या घेऊन जातात. पण त्याच खाडीवर कोळी-आगरी कुटुंबांचे पोटही आहे आणि माशांना क्लोरीनचा अगदी अल्प अंशही मारक ठरतो. मलवाहिनीत ओतले तर शुद्धीकरण केंद्रातले उपयोगी जिवाणू मरतात, आणि त्याच वाहिनीत आधी कोणी ॲसिड ओतले असेल तर चेंबरच्या झाकणाखाली वायू तयार होतो. ते झाकण उघडणारा माणूस कोण, हे सांगायला नको.

दुसरा पत्ता घंटागाडी. काळ्या पिशवीत बांधलेले ओले हायपो, त्यात भाजीचा कचरा, तेलाचे कागद, वर दाबयंत्राचा दाब. गाडीत धूर निघाला की चालक बाहेर उडी मारतो. मागे पायरीवर उभ्या असलेल्या सफाई कामगाराला तेवढा वेळ मिळतोच असे नाही. पुढे तो कचरा जिथे जातो तिथे वर्गीकरण करणाऱ्या बायकांच्या हातात रबरी मोजे असले तरी नशीब.

तिसरा पत्ता भंगारवाला, आणि हा मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतो. त्याला रसायन नको असते, त्याला निळे पिंप हवे असते. तो रसायन झटकतो, पिंप एकदा विसळतो आणि विकतो. पाणी रोज न येणाऱ्या आपल्या वस्त्यांत हे निळे पिंप घरोघरी दाराशी उभे असते, त्यात पिण्याचे पाणी भरले जाते. पूलच्या पिंपात निदान क्लोरीन होता असे समजून समाधान मानता येईल. पण ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यातून निघणाऱ्या पिंपात आधी काय होते हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते. म्हणून दोन बाजूंनी बोलले पाहिजे. सोसायटीने आणि कारखान्याने रिकामे पिंप तीनदा भरपूर पाण्याने धुऊन, बुडाला भोके पाडून मगच बाहेर द्यावे. आणि आपल्या महिला मंडळांनी घराघरांत सांगावे की पिण्याच्या पाण्यासाठी रसायनाचे जुने पिंप विकत घेऊ नका, चारशे-पाचशे रुपये वाचले तरी नको. ज्या कुटुंबाला नवे घेणे शक्यच नाही त्याने जुन्यातले पाणी निदान धुण्या-भांड्यालाच ठेवावे. नळाला रोज पाणी आले असते तर हा उपदेश करावाच लागला नसता, हेही तितकेच खरे.

'ठेकेदाराची जबाबदारी आहे, आम्ही त्याला पैसे देतो,' हे उत्तर प्रत्येक कमिटी देते. माझे म्हणणे असे की रसायन विकत कोणी घेतले, ते कोणाच्या आवारात आहे, याचे उत्तर ठेकेदार नाही. तीन वर्षांत तीन ठेकेदार बदलतात. पिंप तिथेच असते. सोसायटीच्या वार्षिक सभेत रंगरंगोटीवर दोन तास चर्चा होते, पंपरूममधल्या साठ्याची यादी मात्र विषयपत्रिकेवर कधीच येत नाही. ती आली पाहिजे, आणि साठ्याच्या यादीवर सेक्रेटरीची सही असली पाहिजे, हाउसकीपिंगच्या मुलाची नव्हे. २०१३ च्या कायद्याने गटार आणि सेप्टिक टँकमध्ये संरक्षक साधनांशिवाय माणूस उतरवणे हा गुन्हा ठरवला. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारातील मृत्यूची भरपाई ३० लाख रुपये केली. तो हक्क मिळवायला पिढ्या गेल्या. बेसमेंटच्या पंपरूममध्ये वायूने गुदमरलेला माणूस या व्याख्येत बसत नाही, तो नुसता 'अपघात' ठरतो. जागा बदलली, खोलीला टाइल्स लागल्या, पण जिथे इतर कोणी जाणार नाही तिथे याला पाठवायचे ही रीत तीच आहे. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे काम पाहत होते. कामाचे तास आणि कामाची परिस्थिती हा दयेचा नव्हे, कायद्याचा विषय आहे, ही दृष्टी त्या कामात होती. आपण आज ती सफाईच्या आणि हाउसकीपिंगच्या ठेक्यांपर्यंत नेलेली नाही.

महापालिकेकडूनही मागण्यासारखे स्पष्ट काही आहे. घनकचऱ्याच्या २०१६ च्या नियमांनी घरगुती घातक कचऱ्यासाठी, म्हणजे रंगाचे डबे, कीटकनाशकांचे कॅन, मुदत संपलेली औषधे, ट्यूबलाइट असल्या वस्तूंसाठी, दर २० चौरस किलोमीटरला किंवा त्याच्या भागाला एक जमा केंद्र उभारायला सांगितले होते. नवी मुंबई महापालिकेचे क्षेत्र शंभर चौरस किलोमीटरहून मोठे आहे, म्हणजे अशी किमान सहा केंद्रे हवीत. तुमच्या प्रभागाचे केंद्र कुठे आहे, असा प्रश्न विभाग कार्यालयात लेखी विचारा आणि उत्तराची पोच घ्या. माझी सूचना अशी की पावसाळ्यापूर्वी मे महिन्यात आणि दिवाळीनंतर, असे वर्षातून दोनदा महापालिकेने सोसायट्यांकडून जुनी रसायने गोळा करण्याचा दिवस ठेवावा, गाडीबरोबर प्रशिक्षित माणूस असावा आणि माल तळोज्याला किंवा महाप्याला जावा. खर्च सोसायट्यांकडून घ्यावा. ज्यांना पूल परवडतो त्यांना त्याचा कचराही परवडला पाहिजे. पनवेल महापालिकेलाही हेच लागू आहे.

आता आपल्या घराकडे आणि विहाराकडे. पूल नसला तरी ब्लिचिंग आणि ॲसिड आपल्याकडेही आहे. विहाराचे, सार्वजनिक शौचालयाचे किंवा चाळीच्या मोरीचे फरशी-काम करताना आधी ब्लिचिंग टाकायचे आणि डाग जात नाही म्हणून वर ॲसिड ओतायचे, हे सर्रास चालते. 'दोन्ही टाकले की झाग येतो, मग निघते' असे सांगणाऱ्या बायका मी ऐकल्या आहेत. तो झाग म्हणजे क्लोरीन सुटतो आहे. दार बंद असलेल्या चार बाय तीनच्या संडासात ही चूक फार महागात पडते. एका वेळी एकच वापरावे, भरपूर पाण्याने धुवावे, आणि दार उघडे ठेवावे. घरकाम करणाऱ्या ताईंनी मालकिणीला तसे सांगायला संकोच करू नये.

टाकीत टाकायच्या पावडरीचे उलट आहे. तिथे जुना माल वायूने नव्हे, तर निष्क्रिय होऊन घात करतो. विहाराच्या कपाटात १४ एप्रिलच्या कार्यक्रमासाठी आणलेली ब्लिचिंगची उघडी पिशवी वर्षावासापर्यंत तशीच असते, आणि तीच मग टाकीत टाकली जाते. पावडर पडली म्हणून सगळे निश्चिंत, पाण्यात मात्र क्लोरीन जवळपास नाही. पावसाळ्यात कावीळ आणि जुलाब यायला एवढे पुरते. टाकीत पावडर टाकल्यानंतर अर्ध्या तासाने क्लोरीन शिल्लक आहे की नाही हे ओटी चाचणीने पाहता येते, महापालिकेच्या आरोग्य केंद्रात विचारल्यास ती कशी करायची ते दाखवतात. पिशवीवरची तारीख वाचावी, गरजेपुरती छोटी पिशवी आणावी. घरातली उरलेली अर्धी बाटली ब्लीच मात्र भरपूर पाण्यात मिसळून संडास धुण्यासाठी वापरून संपवता येते. त्याच वेळी दुसरे काही ओतले नाही, एवढीच अट. ही सवलत घरगुती बाटलीपुरती आहे. पिंपाला ती लागू नाही.

पूलवर काम करणाऱ्या आपल्या मुलांनी या मे महिन्यात पंपरूममधल्या प्रत्येक डब्याचा मोबाइलवर फोटो काढावा, नाव आणि तारीख दिसेल असा. नाव नसलेल्या डब्याचाही काढावा. ते फोटो सुपरवायझरला आणि कमिटीला एकाच वेळी पाठवावेत आणि खाली लिहावे की हा माल मी हलवणार नाही, ज्यांना हलवता येतो त्यांना बोलवा. नोकरीची भीती आहे हे मला समजते. म्हणून एकट्याने पाठवू नये, त्या आवारातल्या सगळ्यांनी मिळून पाठवावे, आणि एक प्रत आपल्या वस्तीतल्या विहाराच्या कार्यकर्त्यांकडे ठेवावी. जूनच्या पहिल्या पावसाच्या आत.